परतीचा थेंब

सातव्या पेल्याला अण्णांची मान गळली.

लाल पाण्याचा एक थेंब सुरईच्या ओठावरून बाहेर आला, पेल्यात पडायचं सोडून मागे वळला, मानेवरून सावकाश उतरला, पोटाच्या फुगीर भागावर क्षणभर टेकला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर जाऊन पसरला. घरात याला 'परतीचा थेंब' म्हणत. तो इतरांच्या बाटल्यांना असतो, आपल्यांना नसतो, हे इथल्या मुलांना बाराखडीच्या आधी शिकवलं जाई.

थेंबाकडे मात्र कोणीच बघत नव्हतं. पाचही जण एकमेकांकडे बघत होते.

"कपाटाला हात कोणी लावला?" दादांनी विचारलं.

कपाट ओतायच्या खोलीतलं. खालच्या मजल्यावर भट्टी आणि वर ही खोली, अशी रचना अण्णांनीच केली होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ती लांब, हंसासारखी, ओठाशी गोल वळलेली मान काढली आणि कारखाना त्या मानेवर उभा राहिला. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या मानेच्या सहा सुरया नमुना म्हणून या कपाटात कुलपात असत. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर एकेका सुरईतून बारा पेले भरायचे. बारा पेले, आणि कापड कोरडं.

आज चार वाजता हॉटेलांची खरेदी बघणाऱ्या बाई येणार होत्या. साठ हॉटेलं, प्रत्येक टेबलावर एक सुरई. त्यांच्यासमोर दोन माना ठेवायच्या होत्या, अण्णांची आणि तोटीची. तोटी म्हणजे दादांची मुलगी. लहानपणी दुधाच्या बाटलीची तोटी दोन वर्षांपर्यंत सोडली नाही म्हणून हे नाव. चार वर्षं खपून तिने नवी मान काढली होती. दादांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "बाई जिला होकार देतील तिचे साचे उद्या टाकायचे. दुसरीचं लाकडी मॉडेल भट्टीत. मग या घरात पुन्हा मानेचा विषय नाही." मॉडेल कुणाचं जळणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. म्हणून तर ते इतके उदार झाले होते.

"मी सकाळपासून फोनवर होतो," बाळ म्हणाला.

बाळ हा दादांचा धाकटा भाऊ. वय बावन्न. विक्री त्याच्याकडे.

"तुला कोणी विचारलं?"

"तू सगळ्यांना विचारलंस. त्यात मी आलो ना!"

"किल्ली माझ्याकडेच होती," ताई म्हणाल्या. या दोघांच्या मधल्या. त्यांच्या उजव्या मनगटाला सूज होती आणि त्यावर पट्टी. त्यांनी किल्ली दाखवली. कमरेला होती तशीच होती.

"ओतत कोण होतं?" बाळने विचारलं. सगळ्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"मी," तोटी म्हणाली. सुरई तिच्याच हातात होती.

"हां."

"हां म्हणजे काय, काका?"

"हां म्हणजे हां. मनगट."

या घरात गळतीला एकच कारण होतं, मनगट. बाहेरून तक्रारी येत, वर्षाला तीस-चाळीस. दादा प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहीत. पुढे पुढे उत्तरं लिहून हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी एक पत्रकच छापलं, 'ओतताना मनगट कसे असावे'. तीन आकृत्या होत्या. प्रत्येक खोक्यात ते टाकत. सध्या सातवी आवृत्ती चालू होती.

दादांनी सुरई तोटीच्या हातातून घेतली. आकृत्यांतलं मनगट त्यांचंच होतं. त्यांनी दुसरी सुरई भरली, ओतली. तिसऱ्या पेल्याला थेंब परतला. तिसरी सुरई घेतली. पहिल्याच पेल्याला.

सहाही गळल्या. कापडावर आता गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

बाळने दादांना दंडाला धरून जिन्यात नेलं.

"दादा, मला बोलायचं नाहीये."

"मग नको बोलूस."

"तोटीने काहीतरी केलंय. फायदा कोणाचा होतो ते बघ."

"माझी मुलगी आहे ती."

"म्हणूनच म्हणतो. तिला डोकं आहे. माझा असता तर मी संशय घेतला असता का?" बाळचा मुलगा हिशेबनीस होता आणि त्याच्याबद्दल या घरात कोणालाच कसला संशय येत नसे.

"आणि तुझी बायको? काल नमुने तिनेच बाहेर काढून ठेवले," दादा म्हणाले.

बाळ विचारात पडला. बायकोची बाजू घ्यावी तर तोटीवरचा संशय पातळ होत होता. "तिचं मनगट वाईट आहे दादा, मन नाही," तो शेवटी म्हणाला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याने तिची केलेली ही सर्वांत मोठी स्तुती होती आणि ती ऐकायला ती तिथे नव्हती.

*

ती मोरीपाशी होती. धाकटी. बादलीत पाणी भरत होती आणि बादली भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

काल वन्सं म्हणाल्या होत्या, "धाकटे, माझा हात चालत नाहीये. नमुने फक्त बाहेर काढून ठेव. धुवायचे नाहीत. पुसायचेही नाहीत. ते मी बघते." आणि तिने काढले, तर काचेवर बोटांचे ठसे. ओठाशी काहीतरी मळकट. उद्या पाहुणे, आणि हे? तिने गरम पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि सहाही सुरया अशा घासल्या की त्यांत बघून केस विंचरावेत. वन्सं संध्याकाळी आल्या तेव्हा दादा खोलीत बसले होते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, सुरयांकडे बघितलं, आणि गेल्या.

आता हे सांगायचं कोणाला? लग्न ठरल्यावर ती पहिल्यांदा या घरी आली तेव्हा तिला सुरईतून सगळ्यांना पाणी द्यायला लावलं होतं. विक्रीच्या ढिगातली सुरई होती. थेंब अण्णांच्या कागदांवर पडला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त तिच्या मनगटाकडे बघितलं. त्या दिवसापासून या घरात तिच्या हातात ओतायचं काही कोणी दिलं नाही. पुसायचं सगळं दिलं.

"काकू, नमुने तू धुतलेस?"

तोटी मागे उभी होती.

"तुला कोणी पाठवलं? दादांनी?"

"कोणी नाही."

"मग यांनी पाठवलं असेल."

"काकू, मी सगळ्यांची संशयित आहे. मला कोण कुठे पाठवतंय?"

धाकटीला हे पटलं. "सोड्याने," ती पुटपुटली. "चूक झाली का गं?"

तोटीच्या हातात दोन सुरया होत्या. एक धुतलेल्यांपैकी. दुसरी कपाटाच्या मागच्या कप्प्यातली, तळाला चीर गेलेली, वर्षानुवर्षं कोणी न काढलेली. ती काढायला किल्ली देताना आत्याने जरा जास्तच वेळ लावला होता. तोटीने दोन्हींच्या ओठांवर पाणी शिंपडलं. धुतलेल्या सुरईवर पाणी पसरलं, काचेला चिकटून गुपचूप खाली उतरलं. चीर गेलेल्या सुरईवर पाण्याचे गोल मणी झाले आणि टपटप पडून गेले. मागे काच कोरडी.

"तेलकट ताटलीवर होतं तसं," धाकटी म्हणाली. तिने नखाने ओठ खरवडला. नखात पिवळसर काहीतरी आलं. तिने हुंगलं आणि तिचा चेहरा बदलला. "मेण. अगं, टेबलाच्या पॉलिशचं!"

टेबलाला पॉलिश घरात एकच माणूस करत असे.

तोटीला आधी हसू आलं. चाळीस वर्षं! मग ते हसू तिथल्या तिथे विरलं. आत्या तिची एकटीची होती या घरात. चार वर्षं प्रत्येक लाकडी मॉडेल आधी आत्याच्या हातात गेलं होतं. प्रत्येक चाचणीच्या आधी नवी सुरई 'आण बघू इकडे' म्हणून आत्यानेच घेतली होती, कौतुकाने फिरवून बघितली होती आणि फडक्याने...

फडकं होतं का हातात? तिला आठवेना.

"काकू, माझी सुरई आण. सोडा आण."

तोटीची मान आखूड होती. ओठ पातळ, जवळजवळ धारेचा, आणि त्याच्या लगेच खाली चोहोबाजूंनी एक बारीक पन्हळ. ओघ थांबताना उरलेला थेंब बाहेर वळतो, पन्हळीपाशी येतो. ती ओलांडायला जोर लागतो आणि तो जोर त्याच्यात उरलेला नसतो. निदान ती चार वर्षं असं समजत होती. आज तिने स्वतःची सुरई अशी घासली, जशी ती दुसऱ्या कोणाची असावी.

"आता तू ओत," तिने सुरई धाकटीपुढे धरली.

"मी? वेडी आहेस का? माझं मनगट..."

"म्हणूनच."

धाकटीने दोन्ही हातांनी सुरई धरली. पहिला पेला भरताना हात इतका थरथरला की अर्धं पाणी पेल्याबाहेर गेलं. "बघ! सांगितलं होतं!"

"ते बाहेर सांडलं. मानेवरून आलं का?"

धाकटीने वाकून बघितलं. बोट फिरवलं. मान कोरडी होती.

दुसरा. पाचवा. नवव्याला तिचे हात थरथरायचे थांबले. बारावा भरला आणि तोटीने भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

"अजून एक भरू?" धाकटीने विचारलं.

"बारा झाले काकू."

"माहितेय. एकच." तिने तेरावा पेला भरला. मग सुरई खाली ठेवली आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. "म्हणजे त्या दिवशी मी नव्हते गं गळले," ती म्हणाली, आणि पदर खोचून तरातरा खोलीकडे निघाली.

*

ती दारातून आत आली त्याच क्षणी ताईंना कळलं. पट्टी बांधलेला हात त्यांनी मांडीवर घेतला.

"नमुने मी धुतले," धाकटी म्हणाली. "सोड्याने. आता काय ओरडायचं ते ओरडा. आणि वन्सं, तुमचं मेणाचं फडकं कुठे आहे?"

"कसलं फडकं?" दादांनी विचारलं.

ताईंनी ते काढून टेबलावर ठेवलं. इतके दिवस लपवलेली गोष्ट इतकी लहान असते याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. हातरुमालाएवढं, पिवळं पडलेलं फडकं.

"पहिलं गिऱ्हाईक यायच्या दिवशी," त्या म्हणाल्या, "अण्णांची मान गळत होती. सकाळपासून. तू भट्टीवर होतास दादा, बाळ शाळेत. अण्णा पांढरेफटक पडले होते. मी टेबल पुसत होते. त्यांनी सुरई खाली ठेवली ती मी पुसली, याच फडक्याने, नुसती ओली होती म्हणून. आणि मग गळली नाही. अण्णा रडले रे आनंदाने. मी काय सांगायचं होतं?"

"तेव्हा नाही, पण नंतर?"

"नंतर तू पत्रक छापलंस."

दादा खाली बसले.

"थांबा, थांबा," बाळ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एकाएकी तेज आलं होतं. "म्हणजे कोणी काही बिघडवलेलं नाही! मेण लागतं, एवढंच! ताई, लाव ना पटकन, साडेतीन झालेत!"

"अहो!" धाकटी ओरडली.

"अहो काय? तिचा हात दुखतोय तर मी लावतो. आण इकडे."

"फडक्याला हात लावलात तर मी पुन्हा धुवीन. तुम्ही लावा, मी धुते. बाई येईपर्यंत चालू दे."

बाळने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बायकोकडे नीट बघितलं आणि हात मागे घेतला.

"आणि हिची?" दादांनी मान वर केली. ते तोटीकडे बघत नव्हते, बहिणीकडे बघत होते. "हिच्या मानेलाही तूच मेण लावत असशील. तुझी लाडकी."

"नाही लावलं."

"कशावरून?"

"तिला लागत नाही, दादा. पहिल्या दिवशीच बघितलं मी. म्हणून तर..." ताईंनी वाक्य सोडून दिलं. म्हणून तर गेली चार वर्षं त्यांना नीट झोप लागलेली नव्हती, हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"आत्ता धुतलीय, बाबा," तोटी म्हणाली. "सोड्याने. बारा पेले झाले."

"कोणी बघितलं?"

"काकूने."

"धुतली कोणी?"

"मी."

"वा. धुतली तू, बघितलं हिने, आणि ओतली?"

"मीच," धाकटी म्हणाली.

दादा इतके थक्क झाले की पुढचा प्रश्न विसरले.

*

खरेदीवाल्या बाई चारला दहा कमी असताना आल्या. अशा लवकर येणाऱ्या माणसांबद्दल बाळचं मत वाईट होतं, पण तो तोंडभर हसला. बाई उंच होत्या, चष्मा गळ्यात दोरीला होता, आणि खोलीत आल्याबरोबर त्यांनी आधी टेबलक्लॉथ बघितला. तो आत्ताच बदललेला होता. घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"कापड नवीन घातलंत," त्या म्हणाल्या. "जुन्यावर काही झालं होतं?"

"छे छे! तुमच्यासाठी!" बाळ म्हणाला.

दादांनी अण्णांची सुरई पुढे सरकवली. फडकं टेबलावर नव्हतं. कोणी उचललं ते कोणालाच माहीत नव्हतं आणि प्रत्येकाला एकेकाचा संशय होता. आपल्याला विचारलं तर काय सांगायचं, हे दादांनी ठरवलं नव्हतं. सुरईला मेण लागलंय की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते गिऱ्हाइकाइतकेच अजाण होऊन टेबलाशी उभे होते.

"ही मान गळते," ताई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा लावला. "काय म्हणालात?"

"गळते. पहिल्यापासून. दुसरी आमच्या मुलीची आहे, ती गळत नाही."

बाईंनी ताईंकडे बघितलं. मग दादांकडे. मग बाळकडे, जो अजून हसत होता कारण हसू काढायचं राहून गेलं होतं.

"बत्तीस वर्षं खरेदी करतेय मी," बाई म्हणाल्या. "आपला माल वाईट आहे असं कोणी मला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा यात काहीतरी आहे. जुन्या साच्यांचं आयुष्य संपलंय आणि नवीन माल माझ्या गळ्यात घालायचाय, असं ना?"

"अहो, नाही हो," दादा म्हणाले.

"इथे मोरी आहे?"

बाईंनी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही सुरया स्वतः धुतल्या. धाकटीने दिलेला सोडा त्यांनी घेतला नाही. पर्समधून स्वतःची साबणाची वडी काढली. पुसायला स्वतःचा रुमाल. पाणीसुद्धा स्वतः भरलं आणि त्यात लाल शाई स्वतः टाकली. घरचे पाचही जण मोरीच्या दारात एकामागे एक उभे राहून बघत होते. संशय कसा घ्यायचा असतो ते आज त्यांना कळत होतं.

मग बाईंनी ओतलं. अण्णांची मान दुसऱ्या पेल्याला गळली. बाईंनी थेंब कापडापर्यंत जाऊ दिला. तोटीची सुरई त्यांनी बारा पेल्यांना नीट ओतली, आणि मग मुद्दाम वाईट ओतली. झटकून, तिरपी धरून, मध्येच थांबवून. पाणी दोनदा सांडलं. मान कोरडीच राहिली. त्यांनी पन्हळीत नख फिरवलं, नख हुंगलं आणि तोटीला विचारलं, "इथे काच तडकत नाही?"

"पहिल्या दीडशेत नऊ तडकल्या. मग पन्हळीचा कोन बदलला. नंतरच्या दोनशेत एक."

"हं." संशय घेऊन ऐकलेलं हे पहिलंच उत्तर बाईंना आवडलेलं दिसलं. "साचा टाका. पहिला माल मी इथे येऊन धुवीन."

त्या खाली गेल्या. बाळ त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला, आणि तो काय बोलतो ते ऐकायला धाकटी त्याच्या मागोमाग गेली.

खोलीत साच्याचा कागद टेबलावर होता. त्यावर दादांची सही हवी होती. तोटी खिडकीशी उभी होती. तिला वळून बघायचं नव्हतं. दादांनी पेन उघडलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. एवढा वेळ राहिलं की शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"ताई."

"हं."

"अण्णांना माहीत नव्हतं ना?"

"नाही रे. मी कधी कळू दिलं नाही."

दादांनी मान हलवली. पण सही केली नाही. काहीतरी आठवत असल्यासारखे ते समोरच्या अर्ध्या भरलेल्या पेल्याकडे बघत होते.

"जेवताना अण्णा पाणी कसं घ्यायचे गं?"

"कसं म्हणजे? सुरईतून."

"स्वतः ओतून?"

ताईंना जेवायचं टेबल आठवलं. अण्णांचा पेला पुढे सरकायचा. 'ओत रे.' कधी दादाला, कधी बाळला, कधी आलेल्या पाहुण्याला. 'ओत गं.' कापडावर थेंब पडला की ते ओतणाऱ्याच्या मनगटाकडे बघायचे. खूप वेळ बघायचे, आणि काही बोलायचे नाहीत.

"एकदाही नाही," ताई म्हणाल्या.

भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्या खोलीत दोन माणसांचा संशय एकाच माणसावर आला होता, आणि त्याला विचारायची सोय नव्हती.

दादांनी सही केली.